न बघितलेलं खिंडार

"ठेव ती माती खाली! ठेव म्हणतो न्हवं का!"

जिलानीचा आवाज ओघळीच्या दोन्ही कडांवर आपटून माघारी आला, म्हणजे तेबरला तो तीनदा ऐकू आला. तरी बाईनं डोईवरचं टोपलं खाली ठेवलं नाही. ती बांधाला पडलेल्या खिंडाराच्या तोंडापर्यंत चालत गेली आणि तिथं टोपलं उपडं केलं. धप्प.

"झालं," ती म्हणाली. "जा, सरकारला सांग जा, तेबरनं एक टोपलं माती टाकली. फाशी देतंय का बघू."

"फाशी न्हाई देणार. पर सांडवा बी न्हाई देणार!"

असं म्हणून जिलानी त्या खिंडारात उतरला, गुडघ्यावर बसला आणि बायकोनं टाकलेली माती दोन्ही हातांनी भरून बाहेर फेकू लागला. शेवटी तर तळहातानं जागा सारवल्यागत केली. चोरानं जाताना पावलं पुसावीत तसं. एकेचाळीस वर्षांच्या संसारात बायकोनं केलेलं काम नवऱ्यानं असं उपसून टाकणं आमच्या ऐन झितून गावाच्या डोंगरात पहिल्यांदाच घडत होतं.

"येडा झालाय ह्यो," तेबर समोरच्या कडेवरच्या शेळीला म्हणाली. दुसरं कोणी ऐकायला नव्हतंच.

आता येडा म्हणावं तर जिलानी येडा नव्हता. आमच्या डोंगरात पावसाचं काय सांगावं! एकदा सलग दोन वर्षं तो फिरकलाच नाही, तर तिसऱ्या वर्षी आलेल्या ढगावर गावातली कुत्री परका समजून भुंकली होती. पण यायचं म्हटलं की मात्र लग्नाच्या वऱ्हाडासारखा येतो. सगळा एकाच दिवशी, आणि घरातलं होतं नव्हतं ते ओरपून जातो. म्हणून आमच्या थोरल्यांनी एकेका ओघळीला आडवा मातीचा बांध घातला. पाणी त्याच्यामागं कमरेएवढं तुंबतं, मुरतं, आणि जाताना गाळ ठेवून जातं. जास्तीचं पाणी कडेच्या दगडी सांडव्यावरून खालच्या शेजाऱ्याच्या शेतात उतरतं, त्याच्याकडून त्याच्या खालच्याकडं. असा बांध आणि त्यामागचं शेत, दोन्ही मिळून त्याला आम्ही 'जसर' म्हणतो. आमच्याकडं माणूस शेत विकत घेत नाही, साठवतो. जिलानीच्या बांधामागं पाच पिढ्यांनी साठवलेली दीड पुरुष खोल माती होती. त्यात अकरा जैतुनाची झाडं, चार अंजिरं, आणि मधल्या मोकळ्या पट्ट्यात वर्षाचे जव.

त्या वसंतातल्या वळवानं सांडवा ढासळला, आणि सांडव्यापाठोपाठ बांधाला सात पावलांचं खिंडार पडलं. तेव्हापासून पाणी थांबेना, आणि पाण्याबरोबर माती थांबेना. खिंडाराजवळच्या जैतुनाची मुळं म्हाताऱ्याच्या दाढीसारखी हवेत लोंबायला लागली होती.

माती भरून काढणं हे काही मोठं काम नव्हतं. गावानं इरजिक केलं असतं, म्हणजे सगळ्यांनी मिळून फुकट हात लावला असता, तर आठ दिवसांत बांध उभा राहिला असता. घोडं पेंड खात होतं ते सांडव्यापाशी. नुसते दगड एकावर एक रचून मोठ्या पाण्याला टिकेल असा सांडवा बांधणारा शेवटचा कारागीर मरून बारा वर्षं झाली होती. आता हवा होता पक्का, सिमेंटात बसवलेला. आणि तो सरकार फुकट बांधून देणार होतं.

हे सांगितलं उमद्यानं. उमदा म्हणजे आमच्या भागातला सरकारचा माणूस. हुद्द्याचं नावच तसं. त्यापलीकडं त्याच्यात उमदं काही असलंच तर त्याची मिशी.

"माती-पाणी राखण्याची योजना हाय," उमदा म्हणाला होता. "छोट्या शेतकऱ्यासाठीच. दगड त्यांचा, सिमेंट त्यांचं, गवंडी त्यांचा. तू फकस्त अर्ज करायचा."

"आन् मी काय करायचं?"

"काय करायचं न्हाई, ह्येच करायचं. सातवा नियम ऐक. सायबानं पाहणी करायच्या आदी कामाला हात लावला, तर अर्ज रद्द. खिंडार जसं हाय तसं दिसलं पायजे. समजलं?"

जिलानीला इतकं समजलं, की त्या दिवसापासून तो खिंडाराची राखण करायला लागला. गावात लोक कोकरं सांभाळतात, मेव्हणे सांभाळतात. जिलानी खिंडार सांभाळत होता. शेळ्यांनी कडा तुडवली तर सायबाला खिंडार खोटं वाटेल म्हणून त्यानं भोवती काटेरी फांद्या लावल्या. शहीली वारा सुटला, वाळवंटाची धूळ घेऊन आला आणि खिंडारात हातभर रेती साचली, तेव्हा हा बाबा पहाटे उठून ती झाडायला गेला. गावातल्या बायका पाण्याला जाताना विचारायच्या, "जिलानीकाका, आज खिंडाराची तब्येत कशी हाय?"

"हाय तशीच," तो गंभीरपणानं सांगायचा.

खाली शेत होतं बुरावीचं. नात्यानं चुलतभाऊ, वागण्यानं सावत्रभाऊ. त्याला ही राखण सोसवेना.

"जिलान्या, वरनं तुझी माती माझ्यात येतीया, ते एक ठीक. पर पाणी असं गाढवावाणी उधळत आलं तर माझा बी बांध जाईल. बुजव की ते भोसकं!"

"सरकार येऊंदे."

"सरकार येतंय म्हणून पाऊस थांबतुय व्हय? त्याला बी पत्र धाडलंय का?"

जूनमध्ये पत्र आलं. शिक्क्याचं, निळ्या शाईच्या सहीचं. 'आपल्या जसराची पाहणी करण्यासाठी अभियंता येत आहेत.' जिलानीनं ते पत्र शाशिया टोपीच्या आत घडी करून ठेवलं आणि कोणी भेटला की टोपी काढायचा. लोकांना वाटायचं, म्हातारा फारच अदबशीर झालाय.

अभियंता आला सप्टेंबर निम्मा सरल्यावर. जीप वरच्या खडीपाशीच थांबली, कारण पुढं रस्ता नव्हता. अनीस त्याचं नाव. राजधानीचा तरणा पोरगा, डोक्यावर पिवळा टोप, बुटावर आमच्या डोंगराची पहिली धूळ. मागून उमदा धापा टाकत येत होता. तेबरनं पुदिन्याचा चहा ठेवला होता, जवाची भाकरी आणि तेल ठेवलं होतं. साहेबानं चहा घेतला, पण बसला नाही.

"कुठं आहे पूल?" त्यानं विचारलं.

"काय कुठं?"

"पूल. जुना पूल कुठं पडलाय?"

जिलानीनं उमद्याकडं पाहिलं. उमद्यानं मिशीकडं पाहिलं.

"सायेब, पूल न्हाई. जसर. ह्यो बघा, हितं फुटलाय."

"तेच म्हणतोय मी. जिसर. जिसर म्हणजे पूल." साहेबानं कागद पुढं केला. "अर्जात लिहिलंय, 'माझा जिसर वाहून गेला आहे, तो बांधून द्यावा.' पूल म्हणून तो आमच्या रस्ते खात्याकडं आला."

तेव्हा कुठं सगळ्यांच्या डोक्यात उजेड पडला. आमच्या तोंडात जो जसर, तोच कागदावर लिहिला की राजधानीत जिसर होतो, आणि तिथल्या शाळेत शिकलेल्या माणसाला जिसर म्हणजे पाण्यावरचा पूल. अक्षरं तीच. आम्ही ज्यानं पाणी अडवतो, ते पाण्यावरून पलीकडं जातात. उमद्यानं अर्ज लिहिला आमच्या बोलीत, वाचला कुणी तरी त्यांच्या.

अनीस पोरगा वाईट नव्हता. एवढ्या लांब आलोय तर नियमानं पाहणी करू, म्हणून त्यानं फीत काढली. "सात मीटर," तो पुटपुटला. "इथून रोज किती माणसं पलीकडं जातात?"

"माणसं न्हाई जात," तेबर म्हणाली. "पलीकडं हाय काय? माझी एक शेळी जाती. तिला बी पूल नको, ती उडी मारती."

"वाहनं?"

"गाढव हाय. पर त्ये सायेब, भित्रं हाय."

साहेब हसला. मग हसू आवरून त्यानं कागदावर लिहिलं: रस्ता नाही, वाहतूक नाही, पुलाची आवश्यकता नाही. अर्ज निकाली.

"निकाली म्हंजी काय?" जिलानीनं विचारलं.

"म्हणजे संपला. तुम्ही आता माती-पाण्याच्या कचेरीत नवा अर्ज करा, काका. ते पाहणीला नव्वद दिवसांत येतात."

जीप गेली. धूळ कितीतरी वेळ खाली बसली नाही. उमदा नवा अर्ज काढत म्हणाला, "ह्या खेपेला मी शंभर शब्दांत लिवतो बघ, मातीचा बांध म्हणून. चूक व्हायचीच न्हाई. तू मातर हात लावू नगंस हां! सातवा नियम तसाच हाय."

नव्वद दिवस! आणि आमच्याकडं सप्टेंबराच्या अखेरीला खळी धुणारा पाऊस येतो. मळणी संपलेली असते, खळ्यात भुस्कट पडलेलं असतं, ते तो धुऊन नेतो म्हणून त्याचं नाव तसं. ह्या खेपेला खळ्याबरोबर तो जिलानीचं शेतही धुऊन नेणार होता, हे शेळीलासुद्धा कळत होतं.

त्या दिवशी तेबर नवऱ्याशी एक शब्द बोलली नाही. बायको भांडत असते तोवर घर शाबूत असतं. ती गप्प झाली की माणसानं घाबरावं. जिलानी घाबरला नाही, हीच त्याची चूक. कारण ती गप्प होती ती घरात. बाहेर ती दारोदार फिरत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी जिलानी खिंडार झाडायला गेला तर समोरून गाव येत होतं. तेवीस घरची माणसं, कुदळी, फावडी, टोपली, माती ठोकायच्या धुमश्या. पुढं बुरावी. मागं बायका डोक्यावर कुसकुसची पातेली घेऊन.

"ह्ये काय?"

"इरजिक," बुरावी म्हणाला. "तुझ्या बायकूनं बोलावलंय."

"मी न्हाई बोलावलं! माघारी फिरा! अर्ज रद्द होईल!"

कोणी फिरेना. तेव्हा जिलानीनं जे केलं ते मी सांगितलं तर तुम्ही म्हणाल, म्हातारा थापा मारतोय. पण तेवीस घरं साक्षीला आहेत. तो सरळ खिंडारात उतरला आणि मधोमध, पाण्याच्या वाटेनं लांबलचक, उताणा झोपला.

"टाका माती! माझ्यावर टाका! मला पुरून बांध घाला!"

गाव थबकलं. बुरावीनं वाकून बघितलं, विचार केल्यासारखी हनुवटी खाजवली.

"कल्पना वाईट न्हाई," तो म्हणाला. "म्हातारं हाड मातीत घट्ट बसतंय. पर जिलान्या, जरा आडवा हो. उभा बांध टिकत न्हाई."

लोक हसले. तेबर हसली नाही. ती कडेवर उभी राहून नवऱ्याकडं बघत होती, आणि जिलानी वर बघत होता. त्याच्या तोंडाच्या बरोबर वर ते जैतुनाचं झाड होतं. मुळं लोंबत होती, काही सुकून काळी पडली होती, एकदोन अजून ओली होती. वारा नव्हता. कोणी हललं नव्हतं. तरी मुळातून मातीचं एक ढेकूळ सुटलं आणि त्याच्या छातीवर पडलं. मग दुसरं. मग पसाभर भुगा, नाकातोंडात.

तो खोकत उठून बसला. छातीवरची माती हातात घेतली. पणजोबाच्या वेळची असेल, की त्याच्याही आधीची. बोटांतून ती गळत होती, आणि खाली गळली की उताराला लागत होती.

"हिला जायला कुणाची परवानगी लागत न्हाई," तो हळूच म्हणाला.

"काय म्हणतुयास?" बुरावीनं विचारलं.

"धुमशी दे म्हणतो! तुमी काय पोरीबाळींगत ठोकणार व्हय माती? बांध काय भाकरी हाय थापायला?"

सहा दिवस काम चाललं. वीतभर मातीचा थर, त्यावर पाणी, त्यावर धुमशी, पुन्हा थर. सांडव्यावरून जिलानी आणि बुरावीची जुंपली. बुरावी म्हणे चार बोटं खाली ठेव, माझ्याकडं पाणी लवकर येईल. जिलानी म्हणे तुझ्याकडं यायला पाण्याला काय तुझी पोरगी मागायची हाय? शेवटी जुन्या दगडावरची पाण्याची खूण सापडली आणि दोघंही तोंड फुगवून गप्प बसले. दगड दोघांनीच रचले, सिमेंटाशिवाय, अडाण्यासारखे. बघणाऱ्याला कळत होतं की हा सांडवा म्हणजे दातपडक्याचं हसू आहे.

पाऊस आला तो सातव्या दिवशी दुपारी, गाबेसच्या समुद्राकडून. आधी उजेड जांभळा झाला, मग वरच्या डोंगरात कोणी पिंपं गडगडवत आणावीत तसा आवाज. पाणी ओघळीत शिरलं तेव्हा ते पाणी नव्हतंच. लाल चिखल, त्यात काट्याकुट्या, दगड, एक मेलेला साप, आणि कुणाचं तरी खोगीर. बांधाला धडकलं, मागं फिरलं, पुन्हा धडकलं. मग चढायला लागलं. गुडघा. मांडी. कंबर. अकराही जैतुनं पाण्यात उभी, गावातल्या म्हाताऱ्या हमामात अंघोळीला बसाव्यात तशी.

सांडव्यावरून पाणी सुटलं आणि पहिल्या झटक्याला वरचे चार दगड गेले.

"बुरावी!" जिलानी ओरडला. पण बुरावी आधीच सांडव्यात उतरला होता, उरलेल्या दगडांना पाठ लावून. जिलानीनं शेजारी पाठ लावली. दोघं म्हातारे खांद्याला खांदा, वरून पाणी कोसळतंय, तोंडात चिखल.

"माझं ऐकलं असतंस, चार बोटं खाली ठेवला असतास…"

"आता बी तेच काढतुयास? थू!"

"थुकू नगंस, सगळं माझ्या तोंडावर येतंय!"

दिवस मावळायच्या आत पाऊस थांबला. बांध उभा होता. खिंडाराजवळचं ते जैतून मात्र आडवं झालं होतं. त्याची मुळं आधीच फार तुटली होती. राहिली दहा. सांडवा निम्मा गेला होता, आणि उरला होता तो असा, की आणखी एक असा पाऊस आला तर सांडवाही जाईल आणि पाठोपाठ बांधही. पण मागं कंबरभर पाणी तुंबलं होतं, आणि बेडकाचा एक आवाज आला. तो कुठून आला आणि एवढे दिवस कुठं लपला होता, ते देवाला ठाऊक.

पाणी मुरायला बारा दिवस लागले. तेराव्या दिवशी माती-पाण्याच्या कचेरीचा साहेब आला. नव्वद दिवसांच्या कितीतरी आधी! उमद्याचे शंभर शब्द लागू पडले होते.

रिदा त्याचं नाव. हा आमच्याच बाजूचा, चालण्यावरून कळत होतं. बांधावर चढला, टाच रोवून बघितली, खाली उतरून माती चिमटीत घेऊन वास घेतला. मग कागद काढला आणि त्याचा चेहरा पडला.

"जिलानीकाका, खिंडार कुठंय?"

"बुजवलं."

"कधी?"

"पावसाच्या आदी."

"पाहणीच्या आधी?"

जिलानीनं मान हलवली. रिदानं दातपडका सांडवा बघितला. "हा पुढच्या पावसाला टिकायचा नाही."

"ठावं हाय."

"मला पक्का बांधून द्यायचाय. दगड आहेत, सिमेंट आहे, गवंडी आहे. पण कागदावर खिंडाराचा फोटो लागतो. खिंडार नाही तर नुकसान नाही. नुकसान नाही तर योजना नाही." त्यानं इकडंतिकडं बघितलं, आवाज खाली आणला. "काका, मी उमद्याकडं चहाला जातो. तासाभरानं येतो. तेव्हा मला इथं दोन हात खिंडार दिसलं, तर मी खिंडार बघितलं. आधी काय होतं ते मी बघितलं नाही."

"आन् काम कवा सुरू हुईल?"

"मंजुरी यायला… मार्च. फार तर एप्रिल."

"मंजी हिवाळाभर खिंडार तसंच."

रिदानं खाली बघितलं. "नियमच तसा आहे," तो म्हणाला आणि गेला.

जिलानीनं कुदळ घेतली. तेबर समोरच होती, जवाचं बी निवडत. ती उठली नाही. तो बांधावर चढला. कुठं घालावी कुदळ, ते बघत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. पक्का सांडवा! तो झाला तर दहा जैतुनं, बुरावीचं शेत, त्याच्या खालच्याचं शेत, सगळं निर्धास्त. फक्त दोन हात तोडायचं. दोन हात म्हणजे काय?

त्यानं कुदळ उचलली. मग पायाखाली बघितलं. माती अशी बसली होती, की तेवीस घरांच्या धुमश्यांचे ठसे अजून दिसत होते. ह्यातलं कुणाचं टोपलं तोडायचं? बुरावीचं? त्या आंधळ्या मबरूकेचं, जी सहा दिवस चाचपत माती आणत होती? बांधामागं जमीन काळी, ओली, आणि वरनं हलकी वाफ निघत होती. त्यानं बघितलं आणि त्याला कळलं. वाफसा झाला होता. आज पेरलं तर उगवेल, दोन दिवसांनी वर कवच धरेल.

त्यानं कुदळ बांधावर मारली नाही, आतल्या बाजूला टाकून दिली, आणि तिच्यामागून शेतात उतरला.

"बी आण," तो म्हणाला.

तेबर सूप घेऊन आलीच होती.

तासाभरानं रिदा परतला तेव्हा चौथा वाफा पेरून होत होता. बांध या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट.

"खिंडार?" त्यानं विचारलं.

"लई हुडकलं, सायेब," तेबर म्हणाली. "कुठं ठेवलंय ते सापडंना."

रिदानं बांधावर या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. मग लिहिलं, 'पाहणीत नुकसान आढळले नाही,' आणि कागद पुढं केला. जिलानीनं मातीचे हात अंगाभोवती गुंडाळलेल्या चादरीला पुसले आणि सही केली.

"काका, पुढच्या पावसात हा सांडवा गेला तर?"

"तर मग खिंडार आसंल, सायेब." जिलानीनं मूठभर जव घेतले. "तवा या. पर जरा लवकर या. आमी ते लई दिवस तसं ठिवत न्हाई."